सत्तर वर्षांची बैठक

गावात देवळाच्या पारावर संध्याकाळी बैठक बसते. कोणी भातावरच्या रोगाची गोष्ट काढतो, कोणी पाण्याची. एक बोलतो, दुसरा ते खोडून काढतो, तिसरा मुकाट्यानं ऐकून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येतो. समजा, अशी बैठक एके दिवशी उठली आणि पुन्हा बसलीच नाही, तर काय होईल? पार तिथंच राहील, माणसंही राहतील. तरी गावाचं काहीतरी हरवेल. ते काय, हे आज एका मासिकाच्या उदाहरणानं पाहू. 'विविधज्ञानविस्तार' हे त्याचं नाव. जुलै १८६७ मध्ये ते मुंबईत सुरू झालं आणि १९३७ मध्ये बंद पडलं.

छापील बैठकीचा हा पायंडा मराठीत पाडणाऱ्यांत मूळचे आपल्या पेणचे एक गृहस्थ होते. गोविंद विठ्ठल कुंटे हे त्यांचं नाव. लोक त्यांना भाऊ महाजन म्हणून ओळखतात. १८४१ मध्ये त्यांनी मुंबईत 'प्रभाकर' हे साप्ताहिक काढलं. गोपाळ हरी देशमुखांनी 'लोकहितवादी' या नावानं लिहिलेली 'शतपत्रे' १८४८ पासून त्यातच प्रसिद्ध झाली. नाव शतपत्रे असलं, तरी पत्रं आहेत १०८. त्याच १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांची ज्ञानप्रसारक सभा निघाली. सभेत निबंध वाचायचा, त्यावर बोलायचं आणि मग तो छापायचा, अशी तिची रीत होती. त्यासाठी १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघालं. ते १८६७ मध्ये थांबलं आणि त्याच वर्षी 'विविधज्ञानविस्तार' सुरू झालं. एक दिवा मालवताना दुसरा लागला, असंच म्हणायचं.

रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे त्याचे पहिले संपादक. ते व्याकरणाचे गाढे अभ्यासक होते. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती त्यांची 'मोचनगड' याच मासिकातून क्रमशः आली. नावाप्रमाणे मासिकात विषय विविध असत: भाषा, इतिहास, शास्त्र, नव्या पुस्तकांची परीक्षणं. एका महिन्यात कोणी मत मांडावं, पुढच्या एखाद्या अंकात दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यावं. उत्तर यायला महिना लागे, म्हणून ते विचार करून दिलं जाई. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र टपालात पडायच्या आत थंड होतं, हा अनुभव आपल्यालाही आहेच की!

मग इतकी चांगली बैठक उठली का? वर्गणी, कागद, छपाई यांची चिंता मराठी मासिकांच्या पाचवीलाच पुजलेली. पण मला मोठं कारण निराळं वाटतं. घरातली मुलं कर्ती झाली आणि वेगळी राहू लागली, तसं काहीसं इथं झालं. गोष्टी वाचणाऱ्यांसाठी १८९५ मध्ये 'मनोरंजन' मासिक निघालं. साहित्याच्या चर्चेसाठी १९०६ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. इतिहासासाठी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. शास्त्रासाठी १९२८ मध्ये 'सृष्टिज्ञान' आलं. एकेका विषयाला स्वतःचं घर मिळालं आणि सामाईक ओसरी रिकामी झाली.

यात वाईट काय, असं कोणी विचारील. विद्वानांचं वाईट झालं नाही. त्यांना आपापलं घर मिळालं. तोटा झाला तो ओसरीवर बसणाऱ्याचा. रोह्याच्या शाळेतल्या एखाद्या मास्तरांची कल्पना करा. त्यांना व्याकरणही हवं, शिवकालही हवा आणि धूमकेतूचीही माहिती हवी. एका वर्गणीत त्यांना हे सारं मिळे. शिवाय आपली शंका लिहून धाडायला एक ठिकाण असे. इतिहासाचा पंडित आणि भाषेचा पंडित यांना एकमेकांचं बोलणं ऐकावं लागे, आणि म्हणून दोघांनाही चारचौघांना समजेल असं लिहावं लागे. बैठक उठली, तेव्हा ही सक्तीही गेली.

तरी सारंच गेलं असं नाही. 'प्रभाकर' बंद पडलं, पण 'शतपत्रे' आज आपल्या हाती आहेत, कारण कोणीतरी ती जमवून पुस्तकरूपानं छापली. बंद पडलेलं मासिक बांधून ठेवलं, तर जिवंत राहतं. सुटे अंक मात्र वाळवीच्या पोटात जातात.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपल्या वाचनालयाच्या वरच्या फळीवर जुन्या मासिकांचे गठ्ठे असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहा. पावसाळ्याआधी त्यांना ऊन दाखवा आणि यादी करून ठेवा. दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. महिन्यातून एकदा वाचनालयात दहा माणसं जमवा. एकानं निबंध वाचावा, दुसऱ्यानं पुढच्या महिन्यात त्याला उत्तर द्यावं, आणि दोन्ही एका वहीत लिहून ठेवावीत. १८४८ मधल्या त्या विद्यार्थ्यांनी याहून निराळं काय केलं होतं?