विश्लेषण : ओझोनच्या छिद्राचे गणित २००७ मध्ये का डळमळले?

अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर वसंत ऋतूत झपाट्याने विरळ होतो, हे ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जाहीर केले. फ्रिज आणि स्प्रेमधील सीएफसी वायूंतल्या क्लोरीनवर संशय होताच. पण तोवर ठाऊक असलेल्या अभिक्रियेला सुटे ऑक्सिजन अणू लागतात आणि ध्रुवावर त्या उंचीवर ते फारच थोडे असतात. संशयित सापडला होता, गुन्ह्याची रीत सापडत नव्हती.

वेगावरून काय कळते?

रेणूंची टक्कर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञ अभिक्रियेचा वेग मोजतात. पदार्थाचे प्रमाण दुप्पट केल्यावर वेगही दुप्पट झाला, तर निर्णायक टप्प्यात त्याचा एक रेणू असावा; चौपट झाला, तर दोन. हा अंदाजच, कारण वेगाचे एकच सूत्र दोन वेगळ्या मार्गांतूनही निघू शकते. शिवाय अनेक टप्प्यांच्या अभिक्रियेत बहुधा सर्वांत संथ टप्पाच एकूण वेग ठरवतो.

१९८७ मध्ये लुईसा आणि मारिओ मोलिना यांनी नवा मार्ग मांडला. क्लोरीन मोनॉक्साइडचे दोन रेणू जोडले जाऊन ‘डायमर’ बनतो, सूर्यप्रकाशात तो फुटतो आणि मोकळे झालेले क्लोरीन अणू पुन्हा ओझोनवर तुटून पडतात. डायमर बनण्याचा वेग क्लोरीन मोनॉक्साइडच्या प्रमाणाच्या वर्गानुसार वाढतो. त्याच वर्षी चिलीतील पुंता अरेनासहून उडालेल्या नासाच्या ईआर-२ विमानाने मापे आणली : क्लोरीन मोनॉक्साइड चढले, तिथे ओझोन घसरलेला.

मग पेच कुठे आला?

२००७ मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत डायमर किती प्रकाश शोषतो, हे पुन्हा मोजले गेले. आकडा आधीपेक्षा खूपच कमी निघाला. डायमर इतका संथपणे फुटत असेल, तर प्रत्यक्षातली ओझोनची घट हिशेबात बसेना.

घोळ नमुन्यात होता. डायमर तयार करताना त्यात साधा क्लोरीन वायूही मिसळलेला राहतो आणि तोही त्याच अतिनील पट्ट्यात प्रकाश शोषतो. त्याचा वाटा किती वजा करायचा, यावर उत्तर बदलते. २००९ मध्ये तैवानच्या शास्त्रज्ञांनी वजाबाकीच टाळली. शोषलेल्या प्रकाशाऐवजी, लेसर टाकल्यावर डायमरचे किती रेणू घटले, हे त्यांनी वस्तुमानानुसार वेगळे काढून मोजले. आकडा २००७ च्या मापापेक्षा बराच वर आला आणि मोलिनांचा मार्ग पुन्हा हिशेबात बसला.