पाळी बदलताना

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने खितपत पडलेल्या एका भिक्खूची हकीकत आहे. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः स्वच्छ केले आणि शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले : औषध तयार करता यावे, रुग्णास हितकर काय, अहितकर काय हे ओळखता यावे, मलमूत्राची किळस नसावी. रुग्णानेही आजार वाढतो आहे, उतरतो आहे की तसाच आहे, हे खरे सांगावे.

आज पाळी बदलताना रुग्ण सोपवण्याची जी ‘एसबार’ पद्धत नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवतात, ती अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आली. सद्यःस्थिती, पूर्वेतिहास, स्वतःचे अनुमान आणि शिफारस, या तिच्या चार पायऱ्या. “शस्त्रक्रियेचा पहिला दिवस, नाडी ८४ वरून ११८, रक्तदाब उतरतो आहे,” इथवर आपल्या मुली बिनचूक सांगतात. “आत रक्तस्राव होत असावा, डॉक्टरांनी लगेच पाहावे,” हे म्हणताना मात्र जीभ अडखळते. मोठ्यांपुढे मत मांडू नये, ही सवय आपल्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेली आहे. ती एका गणवेशाने जात नाही. म्हणून सरावात शिक्षिका डॉक्टर होऊन मुद्दाम रागावते आणि विद्यार्थिनीने तरीही चौथे वाक्य पूर्ण करायचे असते.