सराव पेपरचे गुण आणि खरी सीईटी



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की त्यातली मोठी रक्कम पोराबाळांच्या क्लासला आणि सरावाच्या पुस्तकांना जाते. मग कोणी सांगतो, "आमचं पोरगं सराव पेपरात दीडशे पाडतंय, इंजिनिअरिंगची शीट पक्की." निकाल लागला की तोच गडी विचारतो, "असं कसं झालं?" हे का होते, ते पाहू.

शेतकी खात्याचा माणूस फडात येऊन रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहतो. ब्रिक्स २० आला म्हणून उतारा २० टक्के पडत नाही, हे आपण जाणतो. रसात साखरेशिवाय जे काही विरघळलेले असते, तेही त्या आकड्यात येते. त्यातून बुडख्याच्याच कांड्यांचा रस घेतला, तर आकडा आणखी फुगतो. तरी कोणता ऊस आधी तोडायचा, ते ब्रिक्सवरून कळते. सराव पेपरचेही तसेच आहे.

पहिली गोष्ट साच्याची. २०२५ च्या एमएचटी-सीईटीत इंजिनिअरिंगच्या गटाला गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, तर भौतिक व रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे होते. एकूण गुण २००. गणिताला ९० मिनिटे आणि बाकी दोन विषयांना मिळून ९० मिनिटे. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, बाकीचे बारावीचे. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. डॉक्टरकीच्या नीटमध्ये मात्र बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकल्यास १ गुण वजा. एकीची सवय दुसरीत अंगलट येते.

दुसरी गोष्ट पुस्तकाच्या सालाची. सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. त्याआधीचे पेपर कागदावरचे. नीटमध्ये २०२१ ते २०२४ या काळात २०० प्रश्न छापून त्यांतले १८० सोडवायचे होते. २०२५ ला १८०च प्रश्न आले आणि निवडीची सोय गेली. जुन्या पुस्तकातले प्रश्न अभ्यासाला चालतात, पण वेळेचा अंदाज चुकतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या सत्रात बसलेल्या दर शंभरांपैकी ९० जणांना तुमच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण पडले, एवढाच त्याचा अर्थ. क्लासमधल्या साठ पोरांत पहिला आला, म्हणून राज्यभरच्या पोरांत तो कुठे बसेल, हे सराव पेपर सांगू शकत नाही. पेपर सोपा काढला असेल किंवा नुकताच शिकवलेला धडाच विचारला असेल, तर तो बुडख्याचा रस समजावा.

मग सराव करायचाच नाही का? जरूर करावा. मात्र त्या वर्षीची माहितीपुस्तिका समोर ठेवून साचा जुळवून घ्यावा. निदान काही पेपर संगणकावर, घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवावेत. गुणांपेक्षा चुका वहीत लिहाव्यात: येत नव्हते, वेळ पुरला नाही, की घाईत चुकले? पुढच्या पेपरात तीच चूक कमी झाली, तर सराव कामी आला.

आई-वडिलांनीही "किती पडले?" याऐवजी "कुठं चुकलं?" असे विचारावे. सरावातल्या आकड्यावर भरवसा ठेवून एकाच कॉलेजच्या नावावर फीची बेगमी करू नये. दुसरा अभ्यासक्रम, दुसरे कॉलेज आधीच पाहून ठेवावे. म्हणजे निकालाच्या दिवशी घरात पोराला दोष देण्याची पाळी येणार नाही.