ऑटोमॅटिक गाडीचं ट्रान्समिशन ऑइल घरी तपासता येतं का?

गाडी 'डी'मध्ये टाकली तरी पुढे सरकायला वेळ घेतेय? गिअर बदलताना झटका बसतोय? गॅरेजला नेण्याआधी ट्रान्समिशन फ्लुइड म्हणजेच एटीएफची पातळी बघावी. पण आधी आपली गाडी कुठल्या प्रकारची आहे ते बघा.

2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि एएमटी आपल्याकडे लोकप्रिय झाली. एएमटीत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच आणि गिअरचं काम मशीन करतं. तिला ही तपासणी लागू नाही.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत मात्र इंजिनाची ताकद फ्लुइडमधूनच पुढे जाते आणि आतले क्लचही त्याच्याच दाबावर चालतात. फ्लुइड कमी झालं की क्लच घसरतात, तापतात आणि जळतात. मग खर्च थेट गिअरबॉक्स उघडण्याचा!

बोनेटखाली इंजिन ऑइलची डिपस्टिक बहुतेक गाड्यांत असते. एटीएफची वेगळी असेल, तरच पुढचं वाचा. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणा, कारण फ्लुइड तापलं की फुगतं आणि थंड गाडीत पातळी कमी दिसते. सपाट जागी हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवा आणि 'पी'मध्ये या. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच बघायचं असतं. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र बंद करून लगेच. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं तेच खरं. इंजिन चालू असेल तर ओढणी, सैल बाह्या पंख्यापासून लांब ठेवा.

डिपस्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पातळी 'हॉट'च्या दोन खुणांमध्ये हवी. नवं एटीएफ बहुधा लाल असतं. काळपट आणि जळका वास म्हणजे आत झीज. दुधाळ गुलाबी म्हणजे पाणी किंवा कूलंट शिरलंय, अशी गाडी चालवू नका.

एटीएफ इंजिन ऑइलसारखं जळून संपत नाही. कमी झालं असेल तर कुठेतरी गळतंय. नुसतं भरून भागणार नाही, गळती शोधावी लागेल. भरायचंच तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं, थोडं थोडं. जास्त झालं तर फेस होतो आणि दाब पडतो.

अनेक नव्या गाड्यांत ही डिपस्टिकच नसते. पातळी खालच्या प्लगमधून, ठरावीक तापमानाला बघतात. ते काम जॅकवर गाडी चढवून घरी करू नका. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर लालसर थेंब दिसले, तर फोटो काढून मेकॅनिकला दाखवा.