क्लिकचे पैसे कुठून येतात?

वाचकाने जाहिरातीवर क्लिक केले तरच जाहिरातदाराने पैसे मोजायचे, ही पद्धत १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने इंटरनेटवरील शोधात रुजवली. छोट्या वेबसाइटवाल्यांपर्यंत ती पोचली २००३ मध्ये, गुगलच्या अ‍ॅडसेन्समुळे. पान उघडताच जाहिरातदारांमध्ये क्षणार्धात लिलाव होतो. विमा, कर्ज अशा विषयांवर बोली चढते, कवितेच्या पानावर ती फारशी लागत नाही. कवितेची साइट चालवणाऱ्यांनी हे आधीच ओळखून असावे.

जाहिरातदाराच्या १०० रुपयांतले साधारण ६८ रुपये साइटमालकाचे. मात्र खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय रक्कम हाती येत नाही. त्याआधी १० डॉलर झाले की पडताळणीचा पिन टपालाने घरी येतो, म्हणून पत्ता बिनचूक लिहा. आणि स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातीवर कधीही क्लिक करू नका, मित्रमंडळींनाही करायला लावू नका. असे पैसे कापले जातात, खातेही बंद होऊ शकते.

२०२४ पासून अ‍ॅडसेन्सचा हिशेब क्लिकवर नाही, जाहिरात किती वेळा दिसली यावर होतो. जुने मार्गदर्शक वाचताना हे लक्षात ठेवा.