मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे का होतात?

वसई पूर्वेकडील सातिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात लहान कारखाने पुष्कळ आहेत. अशा एखाद्या कारखानदाराने आपल्या मालाचे मराठी वेब पेज स्वतःच तयार केले आणि ब्राउझरमध्ये नुसतीच प्रश्नचिन्हे उमटली, तर दोष बहुधा फाइल ‘सेव्ह’ करण्याच्या पद्धतीत असतो. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा गट आहे. जुन्या ‘एएनएसआय’ पद्धतीत मात्र या लिपीला स्थानच नाही. त्या पद्धतीने साठवताना प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसते आणि फाइल बंद केल्यावर मूळ मजकूर परत मिळत नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये २०१९ पूर्वी हीच पद्धत गृहीत धरलेली असे. म्हणून ‘सेव्ह अ‍ॅज’च्या चौकटीत ‘एन्कोडिंग’समोर ‘यूटीएफ-८’ निवडावे.

प्रश्नचिन्हांऐवजी विचित्र रोमन चिन्हे दिसली, तर घाबरू नये. मजकूर बहुधा शाबूत असतो. ‘हेड’च्या सुरुवातीलाच ‘मेटा’ टॅगमध्ये ‘यूटीएफ-८’चा उल्लेख केला की पान वाचता येते. ‘एचटीएमएल’ टॅगमध्ये मराठीचा संकेत म्हणून एम आणि आर ही दोन रोमन अक्षरेही द्यावीत. काही फॉन्टमध्ये त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात.