मागे घर, पुढे घाट

ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा वुर्झन घाट जेमतेम १,०७३ मीटर उंच आहे. आपल्या महाबळेश्वरपेक्षाही ठेंगणा. तरीही गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडलेली असेल, तर या घाटात शिरायला बंदी आहे. उलट स्वित्झर्लंडमधला सिम्प्लॉन २,००५ मीटर, म्हणजे जवळपास दुप्पट उंच. तिथून मात्र कॅरॅव्हॅनवाले निवांत पलीकडे इटलीत उतरतात.

आल्प्स ओलांडताना नवखे लोक फसतात ते इथेच. नकाशावर ते उंचीचा आकडा बघतात, आणि खरा प्रश्न असतो रस्ता किती तीव्र आहे हा. वुर्झनचा चढ १८ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे शंभर मीटर पुढे सरकलं की अठरा मीटर वर. सिम्प्लॉनचा जुना रस्ता नेपोलियनने १८०१ ते १८०५ दरम्यान बांधून घेतला, तोफा पलीकडे नेता याव्यात म्हणून. तोफेचे गाडे ओढणाऱ्या घोड्यांना झेपेल इतकाच चढ ठेवणं तेव्हा भाग होतं. आज तिथे रुंद, आधुनिक रस्ता आहे आणि १९८० साली पूर्ण झालेला गांटरचा देखणा पूलही. पण मूळ शहाणपण घोड्यांच्या सोयीचंच.

युरोपात कॅरॅव्हॅन म्हणजे साध्या मोटारीच्या मागे हुकाने जोडलेली, चाकांवरची खोली. झोपायला पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी. मोटार आणि खोली मिळून लांबी सहज अकरा-बारा मीटर होते आणि वजन तीन टनांच्या घरात जातं.

एवढं ओझं चढवता येतं. गाडी किती वजन ओढू शकते हे ठरवण्याची युरोपातली चाचणीच कडक आहे: १२ टक्के चढावर, पूर्ण भारासह, पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघता आलं पाहिजे. मात्र उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. म्हणून काही गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत हजार मीटरच्या वर त्याच हिशेबाने वजन कमी करायला सांगितलेलं असतं. ते पान फार कमी लोक उघडतात.

घात करतो तो उतार. तीन टनांचा हा संसार हजार मीटर खाली आला की जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर चार मोठ्या बादल्या पाणी उकळेल. इंजिनाने ती अडवली नाही तर सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. त्यात कॅरॅव्हॅनच्या ब्रेकची रचनाच वेगळी. पुढची गाडी मंदावली की मागची खोली हुकावर रेटा देते आणि त्या रेट्यानेच तिचे ब्रेक लागतात. लांब उतारावर हा रेटा थांबतच नाही, त्यामुळे चालकाने पाय न लावताही मागचे ब्रेक तापत राहतात. पुढच्या गाडीतलं ब्रेकचं तेल उकळलं तर पेडल थेट तळाला जातं. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलवर सोडणारे आपल्याकडचे ट्रकचालक नेमकी हीच जोखीम घेतात. आल्प्समध्येही उपाय तोच, खालचा गिअर टाकून सावकाश उतरणं.

झिर्लरबेर्ग हे याचं ठळक उदाहरण. म्युनिकहून गार्मिशमार्गे इन्सब्रुकला जाताना नेव्हिगेशन हाच जवळचा रस्ता सुचवतं. सेफेल्डहून झिर्लकडे उतरणारा हा रस्ता १६ टक्क्यांचा आहे आणि ट्रेलर जोडलेल्या गाड्यांना तो उतरायला मनाई आहे. यंत्राला आपल्यामागे खोली आहे हे सांगितलेलं नसेल, तर ते बिचारं तरी काय करणार!

बोगदे हा दुसरा मार्ग. १९८० साली सुरू झालेला, जवळपास १७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा घाटमाथ्यावरचा चढ वाचवतो; फक्त ईस्टरला आणि जुलैत त्याच्या तोंडाशी दहा किलोमीटरहून लांब रांग लागू शकते. तेव्हा सान बेर्नार्डिनोचा बोगदा बरा. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचं वार्षिक स्टिकर लागतं, आणि मागच्या कॅरॅव्हॅनला वेगळं घ्यावं लागतं, हे विसरू नये.

तरीही बहुतेकांसाठी उत्तर एकच: ब्रेनर. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरचा, १,३७० मीटर उंचीवरचा, आल्प्सच्या मुख्य घाटांतला सर्वात सखल, आणि थेट माथ्यावरून जाणारा महामार्ग. टोल वेगळा पडतो, ट्रकची गर्दी असते, आणि २०२५ पासून लुएग पुलाच्या कामामुळे काही दिवस एकाच मार्गिकेतून सरकावं लागतं. रस्ता तसा कंटाळवाणाच. पण मागे घर जोडलेलं असताना कंटाळवाणा रस्ता हाच चांगला रस्ता.

इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटाची ४८ वळणं पाहायचीच असतील, तर कॅरॅव्हॅन पायथ्याच्या प्राटो गावात उभी करावी आणि नुसती गाडी घेऊन वर जावं. २,७५७ मीटरवरचा तो घाट हिवाळ्यात मात्र बंद असतो.